दोनची गोळी दोनलाच

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या घरी औषधांच्या वेळा सगळ्यांना पाठ असतात. सकाळी सात, साडेदहा, दोन, साडेपाच. दोनची गोळी तीनला दिली तर मधल्या तासात माणसाला खुर्चीतून उठता येत नाही, घास गिळताना ठसका लागतो.

असं का होतं? मेंदूच्या तळाशी 'सबस्टॅन्शिया नायग्रा' नावाचा छोटासा काळसर भाग आहे. तिथल्या पेशी डोपामिन बनवतात आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सुरळीत चालतात. कंपवातात या पेशी वर्षानुवर्षं मरत जातात. त्यांच्यात अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात, हे 1997 साली कळलं. पेशींचं मरण थांबवणारं औषध मात्र अजून सापडलेलं नाही. डोपामिन गिळून उपयोग नाही, कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. गोळीतलं लेव्होडोपा शिरतं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांतून हेच लेव्होडोपा 1937 मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळं काढलं होतं. (म्हणून घरी बिया कुटून खाऊ नयेत; मात्रेचा अंदाज येत नाही.) रक्तातलं लेव्होडोपा साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. सुरुवातीला उरलेल्या पेशी डोपामिन साठवून मधला वेळ निभावतात. त्याही संपत आल्या की सगळी भिस्त घड्याळावर.

कोविडच्या वॉर्डात वेळा पाठ असलेली ही घरची माणसंच दाराबाहेर राहिली. आत होत्या सिस्टर, आणि त्यांतल्या कित्येक नवख्या. कॉलेजं बंद, वॉर्डातलं शिक्षण थांबलेलं, तास मोबाइलवर. 3 मे 2021 रोजी केंद्र सरकारने बीएस्सी नर्सिंग आणि जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या परिचारिकांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्यूटीवर घेण्याचा निर्णय घेतला. पीपीई किट कसं घालायचं, ऑक्सिजन कसा मोजायचा, हे त्यांना आधी शिकवलं गेलं, आणि ते योग्यच होतं.

पण कंपवाताचा रुग्ण वेगळाच सापळा असतो. लेव्होडोपा एकाएकी बंद पडलं तर जोराचा ताप येऊ शकतो, अंग ताठरतं, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो. कोविड वॉर्डात ताप आणि भ्रम दिसले तर संशय कोविडवरच जाणार! उलटी थांबवायला मेटोक्लोप्रमाइड किंवा बडबड शांत करायला हॅलोपेरिडॉल दिलं, तर ही औषधं डोपामिनचीच वाट अडवतात. नाकातल्या नळीतून प्रथिनयुक्त आहार सुरू असेल तर तो आतड्यात लेव्होडोपाशी स्पर्धा करतो. हळूहळू विरघळणारी गोळी कुटून नळीत घातली की तिचा सगळा डोस एकदम सुटतो.

यातलं काहीच शिकायला अवघड नाही. तासाभराच्या पाठात बसेल एवढंच आहे, आणि आणीबाणीच्या प्रशिक्षणातही तो तास असायलाच हवा, असं मला ठामपणे वाटतं. ड्यूटी बदलताना पहिल्या सिस्टरने दुसरीला ऑक्सिजनच्या आकड्यासोबत एक वाक्य जास्त सांगावं: "बेड सहा, कंपवात, पुढची गोळी दोनला."