‘डांबराचा सील कोट’ : फाटकापासून पोर्चपर्यंतच्या रस्त्याची पार्श्वभूमी

नागपुरात वर्धा रोड, काटोल रोड, अमरावती रोडकडच्या ले-आऊटांतल्या मोठ्या प्लॉटांवर फाटकापासून पोर्चपर्यंतचा रस्ता अजूनही काही ठिकाणी डांबरी आहे. मे लागला की कंत्राटदाराच्या कोटेशनवर एक ओळ येते : ‘डांबराचा सील कोट, दर चौरस फुटाप्रमाणे’. या ओळीतले ‘डांबर’ही निसरडे आणि ‘सील कोट’ही. तिच्या आधारावर तीन वेगळी कामे होऊ शकतात, आणि तिन्ही करणारे आपापल्या परीने खरेच बोलत असतात.

आधी डांबर. कपाटातली डांबरगोळी आणि रस्त्यावरचे डांबर यांचे नाव एक, कूळ वेगळे. पारंपरिक डांबरगोळी नॅप्थलीनची, आणि नॅप्थलीन मिळते कोल टारपासून. दगडी कोळसा हवाबंद भट्टीत तापवून कोक (पोलाद कारखान्यांचे इंधन) करताना जो उग्र वासाचा काळा द्रव निघतो, तो कोल टार. आज रस्त्यावर पडते ते बिटुमेन, म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारा भाग. दोन्ही काळे, दोन्ही चिकट, दोन्ही तापवले की पातळ होणारे, त्यामुळे मराठीने एकाच शब्दात भागवले. मानकांनी मात्र तसे केले नाही : रोड टारसाठी आयएस (भारतीय मानक) २१५, रस्त्याच्या बिटुमेनसाठी आयएस ७३.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर दर दोन-तीन वर्षांनी काळा थर, म्हणजे सीलर, फिरवण्याची सवय मुळात अमेरिकेची, आणि तिथे हा फरक थेट कायद्यापर्यंत गेला. रॉकी पर्वताच्या पूर्वेला, पोलाद कारखान्यांच्या पट्ट्यात, कोल टारचे सीलर चालत, पश्चिमेला बिटुमेनचे. कोल टारचा गुण असा की पेट्रोल-ऑइल सांडले तरी तो विरघळत नाही. बिटुमेन आणि पेट्रोल एकाच तेलाची लेकरे, म्हणून ऑइलच्या डागाखाली बिटुमेन मऊ पडते. पण कोल टारमध्ये कर्करोगाशी संबंध असलेली बहुचक्रीय हायड्रोकार्बन्स प्रचंड असतात, बिटुमेनच्या सीलरपेक्षा सुमारे हजार पट. टायरखाली थर झिजतो, धूळ घरात येते आणि उरलेली पावसासोबत नाल्यात जाते. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने २००६ पासून हे सीलर बंद केले, वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये कायदा केला. नागपुरात अंगणासाठी कोल टारचे सीलर मागून घ्यावे असे एकही कारण दिसत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला कोल टार इपॉक्सी किंवा वॉटरप्रूफिंगचा काळा बिटुमेन पेंट हा लोखंड, पाइप आणि भिंतीसाठी असतो. रस्त्यावर मारला तर गुळगुळीत पापुद्रा होतो आणि सोलून निघतो.

आता सील कोट. खरा घोळ इथे आहे.

१९४३ च्या नागपूर योजनेने देशातल्या रस्त्यांची वर्गवारी आणि लांबीचे गणित ठरवले, हे अभियांत्रिकीच्या प्रत्येक पुस्तकात असते. पण शहरातली कॉलनी आणि तिच्या आतले अंगण ज्या पद्धतीने डांबरी झाले ती पुढची, आणि साधी : २० मि.मी. जाडीचे कार्पेट. गिट्टीची चुरी गरम बिटुमेनमध्ये घोळायची, पसरायची, रोलर फिरवायचा. या कार्पेटमध्ये पोकळ्या खूप असतात आणि पाणी थेट आत उतरते. म्हणून त्यावर लगेच एक झाकण घालतात, आणि सरकारी दरसूचीच्या भाषेत सील कोट म्हणजे हेच झाकण. त्याचे दोन प्रकार. ‘ए’ प्रकारात दर १० चौ.मी.ला ९.८ किलो गरम बिटुमेन फवारून वर ०.०९ घनमीटर बारीक चुरी टाकतात. ‘बी’ प्रकारात ६.८ किलो बिटुमेनमध्ये ०.०६ घनमीटर रेती घोळून ती पसरतात. १०० चौ.मी.च्या अंगणाला ‘बी’साठी ६८ किलो बिटुमेन लागते. कामगार एकच डबा घेऊन आला, तर काय होणार हे तिथेच कळते.

म्हणजे इथला सील कोट हा नव्या कामाचा शेवटचा थर, गरम आणि रेती-चुरीचा. अमेरिकेतले सीलकोटिंग म्हणजे जुन्या रस्त्याची देखभाल, थंड आणि पाण्यात मिसळलेले. शब्द तोच, काम दुसरे. या दोघांच्या मधल्या फटीत तिसरा प्रकार वाढला : केरोसीन किंवा डिझेल घालून पातळ केलेले डांबर, कधी नुसते जळके इंजिन ऑइल, झाडूने ओढलेले. दोन दिवस रस्ता नव्यासारखा काळाभोर दिसतो. पण हे द्रव खालच्या जुन्या बिटुमेनलाच मऊ करतात, आणि मे महिन्यात टायरला चिकटून थर उचलला जातो. पावसाळ्यापूर्वीच्या घाईत सर्वांत जास्त विकला जातो तो हाच.

नागपूरचे ऊन हे या कथेतले दुसरे पात्र. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा बराच जास्त तापतो, आणि व्हीजी-३० या प्रतीच्या बिटुमेनचा मृदू-बिंदू, म्हणजे ते मऊ पडते ते तापमान, किमान ४७ अंश असावा एवढीच मानकाची अट आहे. पूर्वी बिटुमेनची प्रत सुई किती आत घुसते त्यावरून ठरे : ८०/१००, ६०/७०. २००६ मध्ये ती पद्धत सोडून घट्टपणावर आधारित व्हीजी (व्हिस्कॉसिटी ग्रेड) प्रती आल्या : आकडा मोठा तितके बिटुमेन घट्ट. २०१३ च्या सुधारणेत तापमानाशी जोड घातली गेली : सात दिवसांचे सरासरी कमाल तापमान ३८ ते ४५ असेल तिथे व्हीजी-३०, त्यापुढे व्हीजी-४०. नागपूर नेमके उंबरठ्यावर बसते. स्वस्त पडते म्हणून व्हीजी-१० आणून टाकले, तर दुसऱ्याच उन्हाळ्यात डांबर वर येते, मोटरसायकलचा साइड स्टँड रुततो आणि जागेवर स्टिअरिंग फिरवले की चाकाखाली वळ उठतात. स्टँडखाली फरशीचा तुकडा ठेवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय.

जुन्या अंगणासाठी योग्य माल म्हणजे बिटुमेन इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेले बिटुमेन, आयएस ८८८७ मधले संथ, सावकाश धरणारे (एसएस) प्रकार. पृष्ठभाग नुसता राखाडी, कोरडा झाला असेल तर एसएस-१ समभाग पाणी घालून, चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर. चुरी सुटू लागली असेल, तर एसएस-२ मध्ये बारीक चुरी घोळून दोन-तीन मि.मी.ची स्लरी, म्हणजे पातळ राड्याचा थर. त्याआधी ऑइलचे डाग खरवडून साबणाने धुवायचे, गवत मुळासकट काढायचे, ३ मि.मी.पेक्षा रुंद भेगा हवेने फुंकून, वाळवून बुजवायच्या. इमल्शन तपकिरी असते, पाणी सुटले की काळे होते. तोवर पाय ठेवायचा नाही, आणि गाडी एक-दोन दिवस बाहेर. एका जाड थरापेक्षा दोन पातळ बरे. जाड थराची वरची साय आधी धरते, पाणी खाली अडकते, मग साल निघते. भर मे महिन्यात दुपारी हे हमखास होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी ऊन चढल्यावर सुरू केलेले काम टिकते. नव्या रस्त्यावर मात्र पहिले सहा महिने ते वर्षभर असा थर देऊ नये. त्यातले हलके तेल उडून जायचे असते.

मगरीच्या पाठीसारख्या चौकटी पडल्या असतील, तर कुठलाही सील कोट निरुपयोगी. तिथे खालचा पाया गेलेला असतो. काळ्या मातीवर हे लवकर होते : पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि कडेला समांतर लांब भेगा पडतात. त्यात कूलर. मार्चपासून जूनपर्यंत एकाच जागी ठिबकणारे पाणी गिट्टीवरचे बिटुमेन सोडवते, आणि खड्डा नेमका खिडकीखाली पडतो. तेवढा भाग चौकोनी कापून, मुरूम-गिट्टी नव्याने कुटून भरावा लागतो. कूलरच्या पाण्याला आधी वेगळी वाट काढून दिली नाही, तर पुढच्या वर्षी तोच खड्डा.

गेल्या दीड दशकात शहराने अंतर्गत रस्ते सिमेंटचे करायचे ठरवले. टिकाऊपणाचा मुद्दा खरा आहे. पण जुना थर न खोदता वर सिमेंट ओतले तिथे रस्ता अंगणापेक्षा उंच झाला आणि पावसाचे पाणी फाटकातून आत वळले. डांबरी अंगणाचे आयुष्य याने जितके घटले तितके उन्हानेही नसेल. सिमेंट आणि डांबर जिथे भेटतात तो सांधा तर वेगळीच डोकेदुखी, कारण दोन्ही सारखे प्रसरण पावत नाहीत. तिथे १० ते १२ मि.मी.ची खाच कापून गरम रबरयुक्त सीलंट ओततात. सील कोट त्या सांध्यावरून सरळ नेला, तर पहिल्याच उन्हाळ्यात तिथे केसासारखी रेघ परत उमटते आणि जूनचे पाणी तिथूनच आत शिरते.