घरगुती तरवा

भाजीचे बी थेट वाफ्यात न टोकता आधी घरात, सोप्यात (ओसरीत) किंवा खिडकीच्या कट्ट्यावर उगवून घ्यायचे आणि रोप हाताशी आले की परसात, कुंडीत किंवा गच्चीवर लावायचे, या पद्धतीला घरगुती तरवा म्हणता येईल. कोल्हापूर भागात ‘तरवा’ म्हटले की आधी भाताचा तरवा डोळ्यांपुढे येतो; पण मिरची-वांग्याच्या रोपांनाही तोच शब्द चालतो. बी पेरणे म्हणजे ‘तरवा टाकणे’ आणि रोपे हलवून लावणे म्हणजे ‘लागण’. ही नोंद उन्हाळी भाजीच्या तरव्यापुरती आहे.

थंड देशांत बी घरात पेरतात ते बाहेर बर्फ असते म्हणून. कोल्हापुरात ती अडचण नाही. जानेवारीत पहाटेचे तापमान सरासरी 14–15 अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, इतकेच. तरी तेवढा गारवाही मिरचीच्या बियाला अडवायला पुरतो. मिरची, वांगी आणि टोमॅटोचे बी 25 ते 30 अंशांत चटकन उगवते. 15 च्या आसपास मिरची आठवडेच्या आठवडे मातीत नुसती पडून राहते आणि शेवटी कुजते. दुसरे कारण पुढच्या उन्हाचे. टोमॅटोची फुले दिवसाचा पारा 35 च्या वर गेला आणि रात्रही उबदार राहिली की फळ न धरता गळतात. एप्रिलमध्ये कोल्हापूर तिथे पोहोचतेच, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. त्याआधी झाड फळांवर आलेले हवे असेल तर बी थंडीतच टाकावे लागते. उंदीर, चिमण्या आणि मुंग्या हे तिसरे कारण. वाफ्यातले बी टिपायला त्यांना एक सकाळ पुरते.

खरे तर घरात बी उगवणे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, फक्त त्याला कुणी तरवा म्हणत नाही. घटस्थापनेला पत्रावळीवर काळी माती पसरून त्यात धान्य पेरतात आणि मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. घटातून पाणी झिरपते आणि माती न भिजवता ओलसर राहते. बियांना खालून, हळूहळू पाणी द्यावे हा रोपवाटिकेचा पहिला धडा त्यातच आहे. दुसरा धडा दसऱ्याला दिसतो. टोपीत खोवायला काढलेले ते धान उंच, नाजूक आणि पिवळेधमक असते. देवघरातल्या अंधुक उजेडात कोंब प्रकाश शोधत लांबत जातो आणि हरितद्रव्य धरत नाही. देवाच्या धानाला तो रंग शोभतो. टोमॅटोचे रोप तसे झाले तर ते लागणीनंतर मान टाकते. म्हणून बी उगवेपर्यंत ट्रे घरात उबेला आणि पहिला कोंब दिसला त्याच दिवशी उजेडात, असा क्रम ठेवावा. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची खिडकी सर्वांत बरी. पूर्वेचा सोपाही चालतो. फ्लॅटमध्ये ग्रीलच्या आत पाच-सहा तास ऊन येत असेल तर दिव्यांचा खटाटोप करायची गरज नाही.

वेळापत्रक रोपाच्या वयावरून मागे मोजत काढायचे असते. मिरचीचे रोप 40 ते 45 दिवसांचे झाल्यावर लावतात, वांग्याचे 30 ते 35 आणि टोमॅटोचे 25 ते 30. फेब्रुवारीच्या मध्याला लागण धरली तर मिरची डिसेंबरअखेर, वांगी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आणि टोमॅटो त्यानंतर आठवड्याने पडायला हवे. तिन्ही एकाच दिवशी टाकण्याची चूक जवळपास प्रत्येक नवखा माणूस करतो. मग टोमॅटो ट्रेमध्ये जुनाट होऊन बसतो आणि मिरची अजून चार पानांवर असते.

बियाण्यात जवारी म्हणजे गावठी आणि संकरित असा भेद पाहावा लागतो. संकरित वाणाचे बी घरी धरले तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत. जवारी वाणाचे बी धरता येते, मात्र मिरचीत परागीकरण इकडे तिकडे होते, आणि शेजारी ढोबळी मिरची असेल तर तिचा गुण त्यात उतरू शकतो. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची म्हणून आणलेल्या संकेश्वरी मिरच्या उन्हात वाळवून, देठ खुडून कांडपाला नेतात. देठ खुडताना सुपात जे बी सांडते ते अनेक घरांत कागदाच्या पुडीत बांधून ठेवले जाते. फक्त उन्हात वाळलेल्या मिरचीतले असल्याने ते डिसेंबरात सहसा उगवते. मिरच्या एकदा तेलात परतल्या की त्यातल्या बियाला काही अर्थ उरत नाही. दुकानातल्या पाकिटात बी गुलाबी किंवा निळे निघाले तर तो बुरशीनाशकाचा रंग असतो. ते हाताळून झाल्यावर हात धुवावेत आणि उरलेले बी पोरांच्या हाती लागू देऊ नये.

माती हा इथला नाजूक विषय. शिरोळ-हातकणंगले भागातली काळी माती पाणी धरून ठेवते आणि सुकली की वर पापुद्रा धरते. राईएवढे कोंब तो फोडू शकत नाहीत. पन्हाळा-राधानगरीकडची तांबडी माती मोकळी असते, पण लवकर सुकते. म्हणून माती, चाळलेले कुजके शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग घेतात. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्यावे, त्यात क्षार असतात. नुसत्या कोकोपीटमध्ये रोप उगवते, पण त्यात अन्न जवळपास नसते. पहिल्या दोन बीजदलांनंतरची खरी पाने फुटली की ती फिकी पडू लागतात आणि मग विद्राव्य (पाण्यात विरघळणाऱ्या) खताचे हलके पाणी द्यावे लागते. भांडे काहीही चालते: 98 कप्प्यांचा प्रो ट्रे, तळाला भोके पाडलेली दुधाची पिशवी, नारळाची करवंटी, पानाचा द्रोण. द्रोण तर रोपासकट मातीत ठेवता येतो.

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल जावे, म्हणजे मिरची-टोमॅटोसाठी अर्धा ते एक सेंटिमीटर. ट्रे परातीत दोन बोटे पाण्यात ठेवायचा. वरची माती काळपट ओली दिसली की बाहेर काढायचा. टोमॅटो पाच ते आठ दिवसांत वर येतो, मिरचीला आठ-बारा दिवस लागतात, गारठा असला तर जास्त.

या काळातला मोठा शत्रू म्हणजे रोपमर. संध्याकाळी ताठ असलेले रोप सकाळी आडवे दिसते. जमिनीलगतची देठाची जागा दोरा ओला करून पिळल्यासारखी बारीक आणि तपकिरी झालेली असते. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशी याला कारण असल्या तरी त्यांना निमंत्रण बहुधा घरचीच माणसे देतात: मायेने घातलेले जादा पाणी, दाट पेरा आणि कोंडलेली हवा. पडलेले रोप वाचत नाही. आजूबाजूची माती त्याच्यासह काढून टाकावी, पाणी सकाळीच द्यावे आणि दाट कोंब कात्रीने कापून विरळ करावेत. उपटले तर शेजारच्याची मुळे हलतात. मिश्रणात आधीच ट्रायकोडर्मा, म्हणजे अशा बुरशींना रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळलेली बरी. पांढऱ्या माशीपासूनही रोपे लहानपणीच जपावी लागतात, कारण टोमॅटोचा पर्णगुच्छ आणि मिरचीचा बोकड्या या पाने आकसवणाऱ्या रोगांचे विषाणू तीच पसरवते. मच्छरदाणीची भोके तिला मोठी पडतात. ट्रेवर मलमलचे पातळ कापड ताणावे.

कारले, दोडका आणि दुधी यांची मुळे हलवलेली खपत नाहीत. त्यांचे बी रात्रभर भिजवून, मिसळीच्या मटकीसारखे ओल्या फडक्यात बांधून मोड दिसले की एकेका पिशवीत टोकावे आणि दोन-तीन पानांवर मातीसकट लावावे. भेंडी, गवार, मेथी सरळ वाफ्यातच. कोथिंबिरीचे धणे नुसते रगडून दोन फाका करावे लागतात. तिचा तरवा करणे हा उगाच उद्योग आहे. तुळशीचे बी मातीवर भुरभुरून नुसते दाबावे, झाकू नये. पुदिना काडीने आणि गवती चहा ठोंबाने लावतात.

लागणीच्या आधी आठवडाभर रोपाला बाहेरच्या हवेची सवय करतात: पाणी थोडे कमी, पहिल्या दोन दिवशी फक्त कोवळे ऊन, मग हळूहळू दुपारपर्यंत. लागण उन्हे उतरल्यावर करतात. टोमॅटो देठासह खोल पुरला तरी चालतो, कारण पुरलेल्या देठालाही मुळे फुटतात. मिरची-वांगी मात्र ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर लावावीत. पुढचे तीन-चार दिवस दुपारची सावली म्हणून गावाकडे रोपावर एरंडाचे पान नाहीतर उसाचा पाला आडवा टाकतात.