विमान टेकलं म्हणजे माणूस बाहेर आला नव्हे

"उतरलो!" हा ताईचा मेसेज आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून दोन मिनिटं झाली होती. तिकिटावर मुंबईला पोचायची वेळ होती नऊ दहा. बोरिवलीहून बडोद्याच्या स्लीपरची चार तिकिटं मीच इथे बडोद्यात, दांडिया बझारच्या घरी बसून काढली होती. बस सव्वाअकराची. हातात दोन तास, वर विमान आठ मिनिटं लवकर. मी निर्धास्त झाले आणि सकाळसाठी पोहे निवडायला घेतले.

सव्वादहा वाजता ताई, भाऊजी आणि दोन्ही पोरं सहारच्या टर्मिनल दोनमध्ये सामानाच्या पट्ट्यापाशी उभी होती. तीन बॅगा आल्या होत्या, चौथीचा पत्ता नव्हता. पावणेअकरापर्यंत वाट बघून ती तशीच निघाली आणि बोरिवलीला पोचली तेव्हा बारा वाजत आले होते. बस केव्हाच गेली होती. अंधेरीच्या एका लॉजवर रात्र काढून दुसऱ्या दिवशी ती सगळी घरी आली. चूक माझ्या हिशेबाची होती, आणि हीच चूक बडोद्यातल्या कितीतरी घरांत होताना मी पाहिली आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे प्रत्येक वाड्यातलं, सोसायटीतलं कुणी ना कुणी मस्कतला, लंडनला, न्यू जर्सीला असतं. ही माणसं येतात ती बहुतेक अहमदाबादला किंवा मुंबईला उतरून, आणि पुढचा रस्ता बसने. बसचं तिकीट काढतो तो घरी बसलेला माणूस. त्याच्यासमोर एकच आकडा असतो, विमान पोचायची वेळ. त्यात तो दीड-दोन तास मिळवतो आणि मोकळा होतो. खरं तर इथे दोन वेळा आहेत: विमान पोचायची आणि माणूस दाराबाहेर पडायची. त्या दोन एकच आहेत असं समजलं की पुढचं सगळं गणित कोसळतं.

पहिली वेळ आधी नीट बघू, कारण तिच्यातही गोंधळ आहे. तिकिटावर छापलेली वेळ म्हणजे चाकं धावपट्टीला टेकायची वेळ नव्हे. विमान आपल्या जागेवर येऊन उभं राहतं ती वेळ. फोनवरचं ॲप 'लँडेड' म्हणतं ते मात्र चाकं टेकली की लगेच. त्यानंतर विमान रांगत रांगत जागेवर येतं, कधी जागा मोकळी व्हायची वाट बघतं, मग दार उघडतं. म्हणजे ताईचा तो मेसेज आनंदाचा होता, पण हिशेबाच्या कामाचा नव्हता. शिवाय तिकिटावरच्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत विमान पोचलं तर ते वेळेवरच आलं असं धरण्याची विमान कंपन्यांची रीत आहे. त्यामुळे 'हे विमान नेहमी वेळेवर असतं' या वाक्यातच पाव तास खर्ची पडलेला असतो.

दुसरी वेळ म्हणजे सामानाची गाडी ढकलत माणूस त्या शेवटच्या सरकत्या दारातून बाहेर येतो ती. ती कुठल्याच तिकिटावर छापलेली नसते, आपणच बांधायची असते. मध्ये काय काय लागतं? लांबलचक चालणं. मग इमिग्रेशन. इथे ताईच्या कुटुंबासारखं प्रकरण असेल तर जास्त वेळ धरा: आईवडिलांचे पासपोर्ट भारतीय, पोरांचे कॅनडाचे आणि सोबत ओसीआय कार्डं, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ती. मग कुठल्या रांगेत उभं राहायचं हे विचारण्यात दहा मिनिटं जातात. पोरांचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्ही हातातल्या बॅगेत हवं, हेही सांगून ठेवा. घरातलं कुणी वयस्क असेल आणि व्हीलचेअर मागितली असेल तर रांगेत उभं राहण्याचा त्रास वाचतो, पण विमानाच्या दाराशी खुर्ची येईपर्यंत थांबावं लागतं आणि बहुधा सगळे उतरल्यावर त्यांचा नंबर लागतो.

इमिग्रेशनचा वेळ वाचवण्याचा एक चांगला उपाय आता आला आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आणि ओसीआय कार्डवाल्यांसाठी 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन' ही सोय २०२४ च्या जूनमध्ये दिल्लीला सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई आणि अहमदाबादलाही आली. आधी ऑनलाइन अर्ज, मग बोटांचे ठसे आणि फोटो, आणि त्यानंतर रांगेऐवजी ई-गेट, म्हणजे आपोआप उघडणारं दार. वर्षाआड येणाऱ्यांनी ही नोंदणी जरूर करून घ्यावी. फक्त एक लक्षात असू द्या: गेटमधून तुम्ही लवकर आलात म्हणून बॅग लवकर येत नाही.

कारण खरा वेळ खातो तो पट्टा. पहिली बॅग कधी आली याला अर्थ नाही, शेवटची कधी आली ते महत्त्वाचं. चार माणसांच्या सात-आठ बॅगा एकापाठोपाठ येत नाहीत. पोराची बाबागाडी, खोक्यात बांधलेला टीव्ही अशा मोठ्या वस्तू पुष्कळदा पट्ट्यावर न येता बाजूला वेगळ्या आणून ठेवतात, आणि माणसं पट्ट्याकडे डोळे लावून बसतात. ताईचं हेच झालं. बाबागाडी मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती, त्यांच्या पाठीमागे, वीस मिनिटं. मग कस्टम. काही जाहीर करायचं नसेल तर ग्रीन चॅनलमधून सरळ बाहेर, पण एखादी बॅग तपासणीला घेतली तर तो वेळ तुमच्या हातात नाही.

माझा आताचा हिशेब असा आहे. सामान कमी आणि माणूस एकटा असेल तर तिकिटावरच्या वेळेनंतर अहमदाबादला दीड तास, मुंबईला दोन. पोरं किंवा वयस्क मंडळी आणि मोठ्या बॅगा असतील तर आणखी अर्धा तास. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे लग्नसराई आणि उत्तरायणाला सगळे घरी येतात तेव्हा, अजून थोडा. हा झाला दारापर्यंतचा वेळ. रस्ता वेगळा. सहारहून बोरिवलीच्या नॅशनल पार्कपर्यंत संध्याकाळी किंवा रात्री लवकर निघालात तर तासभर धरा. बस पश्चिम द्रुतगती मार्गावरून येत असेल तर बोरिवलीपेक्षा अंधेरीचा थांबा कितीतरी जवळ पडतो. आम्हाला तेवढंही सुचलं नव्हतं.

चौथ्या बॅगेचं राहिलंच. बस चुकेल या धाकाने ताई-भाऊजी तक्रार न नोंदवताच बाहेर पडले. हे कधीही करू नका. बॅग आली नाही तर हॉल सोडण्याआधी विमान कंपनीच्या सामानाच्या टेबलावर लेखी नोंद करायची, तिचा नंबर घ्यायचा आणि बडोद्याचा पूर्ण पत्ता द्यायचा. एकदा त्या दारातून बाहेर आलात की परत आत जाता येत नाही. विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईच्या ज्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारात भारत २००९ पासून आहे, त्यात फुटलेल्या-फाटलेल्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची, ते हाती आल्यापासून एकवीस दिवसांत करण्याची मुदत आहे. पण जागेवरची नोंद असली की सगळं सोपं जातं. आमची बॅग शेवटी मिळाली, पण त्याआधी आठवडाभर फोन करत बसावं लागलं. एक बस गेली तर दुसरी मिळते. त्या बॅगेत ताईने आईसाठी आणलेली औषधं होती.

आता बसच्या बाजूला या, कारण तिथेही असाच जोडगोंधळ आहे. रात्री बारानंतरची तारीख. विमानाच्या तिकिटावर '१५ डिसेंबर, ००:४०' असेल तर घरच्या भाषेत ती १४ ची रात्र. १४ ला जेवणं झाल्यावर आणायला निघायचं. हे न कळल्यामुळे लोक चक्क एक दिवस उशिरा विमानतळावर गेलेले आहेत. खासगी बसचं याच्या उलट. दक्षिण मुंबईतून १४ ला रात्री साडेदहाला सुटणारी बस बोरिवलीला साडेबाराला आली, म्हणजे घड्याळाप्रमाणे १५ तारीख उजाडली, तरी ती बस यादीत १४ च्याच फेऱ्यांत दिसते. १५ टाकून शोधलंत की पुढच्या रात्रीची बस हाती येते. विमान घड्याळाची तारीख पाळतं, बस ज्या दिवशी निघाली त्या दिवसाची. तिकीट काढताना थांब्याच्या वेळेशेजारी छापलेली तारीख मी आता मोठ्याने वाचून घेते.

फोनचंही असंच. बसवाला तिकिटावरच्या नंबरवर फोन करतो. आम्ही ताईचा भारतातला जुना नंबर दिला होता, आणि ते सिम तिच्या पर्समध्ये होतं, फोनमध्ये कॅनडाचं. कंडक्टरने तीनदा लावला म्हणे. विमानतळाच्या फुकट वायफायलाही बहुधा ओटीपी लागतो, तोही त्याच बंद सिमवर येणार. तेव्हा तिकिटावर नंबर घालायचा तो घरी जाग्या असलेल्या माणसाचा.

अहमदाबाद आणि मुंबई यांना एकच नियम लावू नये, असं माझं ठाम मत आहे. अहमदाबादचं विमानतळ हांसोलला, तिथून गीता मंदिरचा एसटी डेपो दहा-बारा किलोमीटर, आणि एक्स्प्रेस हायवे सुरू होतो तिथली सीटीएम चोकडी थोडी पुढे. ९३ किलोमीटरचा तो हायवे, बडोद्याच्या बसेस सारख्या सुटतात. तिथे आधी तिकीट काढून स्वतःला वेळेच्या बेडीत का अडकवायचं? बाहेर या, घरच्यांना फोन करा, सीटीएमला जा, येईल त्या बसमध्ये बसा. मुंबईचं तसं नाही. चारशे किलोमीटर, रात्रभराचा प्रवास, बहुतेक स्लीपर संध्याकाळ ते मध्यरात्र या वेळात निघून गेलेल्या असतात आणि जागा आधी घ्यावीच लागते. विमान रात्री आठच्या आधी उतरत असेल तर त्याच रात्रीची उशिराची स्लीपर घ्यावी. नंतरचं असेल तर एक रात्र मुंबईत राहून सकाळी निघावं. वंदे भारतसारख्या सकाळच्या गाड्या बडोद्याला थांबतात, दुपारच्या जेवणाला माणूस घरी.

आणि उतरायचं कुठे, हे तिकिटावर एकदा बघा. पुढे अहमदाबादला जाणाऱ्या पुष्कळ खासगी बसेस गावात शिरतच नाहीत, 'वडोदरा' म्हणजे त्यांच्या लेखी हायवेवरची गोल्डन चोकडी. पहाटे साडेपाचला तिथे डिकीतून चार बॅगा निघतात आणि बस निघून जाते. स्टेशनजवळच्या सेंट्रल डेपोत आणायला गेलेले भाऊजींचे वडील तिकडे वाट बघत बसतात.

या डिसेंबरात ताई पुन्हा येते आहे, विमान तेच, नऊ दहाचं. यंदा स्लीपरचं तिकीट काढलेलं नाही. विमानतळाजवळ एक खोली घेतली आहे, दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. तिकिटांवर नंबर माझा. पोरांच्या बाबागाडीला लाल फडकं बांधायला सांगितलं आहे, आणि "उतरलो"चा मेसेज नको, बाहेर आलात की फोन करा, असंही.