वृद्धाश्रमातील दूरवैद्यक सेवा (मराठवाडा)

वृद्धाश्रमात राहणाऱ्या ज्येष्ठांना फोन किंवा व्हिडिओ कॉलवरून डॉक्टरांचा सल्ला मिळवून देण्याची पद्धत. बोलताना तिला सरळ ‘मोबाइलवर डॉक्टरला दाखवणं’ म्हणतात. मराठवाड्यात ‘नर्सिंग होम’ म्हणजे छोटा खासगी दवाखाना, म्हणून या नोंदीत वृद्धाश्रम हाच शब्द घेतला आहे.

या आठ जिल्ह्यांत अवघड आजाराला लोक छत्रपती संभाजीनगरची घाटी (तिथले सरकारी रुग्णालय), अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडचे सरकारी रुग्णालय गाठतात. पण गुडघे धरलेल्या आजीला निव्वळ बीपीची गोळी बदलून घ्यायला जीपमध्ये बसवून नेले, तर दिवस मोडतो. सोबत जाणारा सेवक तेवढा वेळ बाकीच्यांना मिळत नाही.

अशा सल्ल्याला देशपातळीवर स्पष्ट चौकट मिळाली ती 25 मार्च 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरवैद्यक सेवेची घरबसल्या मोफत ओपीडी सुरू झाली. कॉल काळजीवाहकाने लावला, तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते. आजोबांना विचारायचे मात्र सहज राहून जाते.

पडद्यापलीकडच्या डॉक्टरला हात नसतात, ते काम सेवकाचे. सूज आहे का ते कळावे म्हणून नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का, हे तो दाखवतो. बीपी आधी बसवून आणि मग उभे करून मोजतो. उभे राहिल्यावर वरचा आकडा 20 ने उतरला, तर ‘गरगरतंय’ या तक्रारीचा आणि पडण्याचाही उलगडा होतो. सर्वांत उपयोगी युक्ती साधी आहे: गोळ्यांची पिशवी कॅमेऱ्यासमोर पूर्ण रिकामी करणे. वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या दोन नावांच्या पट्ट्यांत औषध एकच निघू शकते. चैत्र-वैशाखात पारा 40 च्या वर गेला की लघवी वाढवणाऱ्या गोळीकडेही पाहावे लागते. रात्री सारखे उठावे लागू नये म्हणून म्हातारी माणसे पाणीच कमी पितात, आणि मग बीपी घसरतो.

खरी अडचण रेंजपेक्षा दुभाष्याची असते. आजी म्हणते ‘जीव घाबरा होतोय’, सेवक सांगतो ‘बीपी वाढलाय’. आजीचे शब्द जसेच्या तसे डॉक्टरच्या कानी पडले पाहिजेत. तिला ऐकू कमी येते म्हणून उत्तर परस्पर देऊ नये.

मॉर्फिनसारखी अमली वेदनाशामके या मार्गाने लिहून देता येत नाहीत. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर कॉल लावत न बसता 108 ला फोन करायचा, कारण अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देतात. आणि कानात मळ साचून ऐकू येत नसेल, म्हणजे ज्यामुळे कॉलच नीट होत नाही ते दुखणे, तर तो मळही मोबाइलवरून निघत नाही.