‘बेगम’मधला प्रत्यय: तुर्की नामरूपांची पार्श्वभूमी

मराठीत ‘बेगम’ हा शब्द आपण अखंड नाम म्हणून वापरतो; वस्तुतः ‘बेग’ (सरदार) या तुर्की नामाला ‘माझा’ या अर्थाचा प्रत्यय लागून तो झालेला आहे, आणि ‘खान’पासून ‘खानम’ही तसाच. बाबराच्या आईच्या नावात, कुतलुग निगार खानम, आणि बहिणीच्या नावात, खानजादा बेगम, हे दोन्ही शब्द आढळतात.

हा स्वामित्वप्रत्यय तुर्की कुळातील भाषांत फार जुना आहे. मंगोलियातील ओरखोन खोऱ्यात क्युल तेगिन या तुर्की राजपुत्राचा शिलालेख इ.स. 732 मध्ये उभारला गेला आणि त्याची लिपी डॅनिश पंडित विल्हेल्म थॉमसन यांनी 1893 मध्ये उलगडली. त्यात कागान, म्हणजे सम्राट, प्रजेला आपले बोल नीट ऐकायला सांगतो, तेव्हा ‘साबिमिन’ हे रूप येते: ‘साब’ म्हणजे बोल, ‘इम’ म्हणजे माझा, आणि शेवटी द्वितीयेचा ‘इन’. आजच्या तुर्कस्तानी तुर्कीतील ‘सोझ्युम्यु’ (माझे बोल, द्वितीयेत) या रूपात शब्द बदलला, द्वितीयेचा प्रत्ययही बदलला, तरी आधी स्वामित्व आणि मग विभक्ती हा क्रम तेराशे वर्षांनंतरही तसाच आहे.

विभक्तींचे मात्र तसे झाले नाही. शिलालेखांच्या भाषेत सप्तमी आणि पंचमी यांना बहुधा एकच प्रत्यय पुरे. ‘कागान्ता’ या रूपाचा अर्थ तिथे ‘सम्राटाकडून’ असाही होतो. ‘-दान’ ही वेगळी पंचमी नंतर स्थिरावली. चतुर्थीच्या जुन्या ‘-का’चे व्यंजन तुर्कस्तानी तुर्कीत गळून ‘एवे’ (घराला) उरले, तर उझबेकीत ‘उयगा’ असे ते टिकले.

सर्वांत लक्षणीय आहे तो तृतीय पुरुषी स्वामित्वानंतर विभक्तीपूर्वी येणारा ‘न’, जो मला आपल्या सामान्यरूपाची आठवण करून देतो. तुर्कीत ‘एवी’ म्हणजे त्याचे घर, पण ‘त्याच्या घरात’ म्हणजे ‘एविन्दे’. कझाकीत हा ‘न’ आहे, उझबेकीत ‘उयिदा’ म्हणताना तो लोपला आहे. शिवाय ‘एविन्दे’चा अर्थ ‘तुझ्या घरात’ असाही होत असल्याने नेमका अर्थ पुष्कळदा सर्वनामावरूनच ठरतो.

मराठीत मात्र ‘बेगमेला’ म्हणताना आपण नकळत तुर्की क्रमच पाळतो: नाम, मग ‘माझा’, मग विभक्ती.