रंग खोटा, रेघ खरी

रद्दीवाल्याकडे किंवा जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर पोस्टकार्डांचा गठ्ठा दिसला की मी आधी मागची बाजू वाचतो. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत, मान्य. पण पोस्टकार्ड हे मुळात पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी वाचायचं पत्र आहे. मजकूर बहुधा ठरलेला असतो. हवा छान आहे, प्रकृती ठीक आहे, उद्या निघतो. मग कार्ड पालथं करायचं आणि चित्र पाहायचं.

अशा कार्डांतल्या एका चित्राने मला बरेच दिवस धरून ठेवलं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात फ्रँकोनिया नॉच नावाची खिंड आहे. चित्रात खाली तळं, तळ्याकाठी गर्द झाडी आणि वर उभा कडा. कड्याच्या एका टोकाला म्हाताऱ्या माणसाचा चेहरा दिसतो, अगदी बाजूने पाहिल्यासारखा. कपाळ, खोबणीत गेलेला डोळा, नाक, मिटलेले ओठ आणि ठाम हनुवटी. तिकडचे लोक त्याला ‘ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’ म्हणत. डोंगरातले आजोबा. तळ्यापासून सुमारे १,२०० फूट उंचीवर, कपाळापासून हनुवटीपर्यंत ४० फूट. १८०५ साली मोजणी करणाऱ्या लोकांनी पाहिल्याची नोंद आहे. पुढे शंभर-दीडशे वर्षांत या आजोबांची कार्डं इतकी छापली गेली की मोजदाद अवघड.

कड्यात चेहरा दिसणं यात नवल नाही, आपला मेंदू त्या बाबतीत फारच उत्साही असतो. खंडाळ्याचीच गोष्ट घ्या. जो सुळका आपल्याला नागाने उभारलेल्या फण्यासारखा दिसला आणि म्हणून नागफणी झाला, त्यातच इंग्रजांना ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं. खडक तोच. ज्याला जे दिसायचं ते दिसतं.

या कार्डावरचे रंग मात्र भिंगाखाली धरून पाहण्यासारखे आहेत. न्यू हॅम्पशायरचा तो ग्रॅनाइट, एका कार्डावर राखाडी, दुसऱ्यावर गुलाबी, तिसऱ्यावर चक्क संत्र्याच्या सालीसारखा. आकाश कधी निळं, कधी जांभळट. याचं कारण सोपं आहे. फोटो काळापांढरा काढलेला असे आणि रंग छापखान्यात बसलेला माणूस भरत असे. त्याने तो डोंगर पाहिलेला असेलच असं नाही.

पण हे ‘भरणं’ म्हणजे कुंचल्याने रंगवणं नव्हे. १८८०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या ओरेल फ्युस्ली या छापखान्यात हान्स याकोब श्मिट याने फोटोक्रोम नावाची पद्धत बसवली. ती अशी. चुनखडीचा घोटून गुळगुळीत केलेला दगड घ्यायचा. त्यावर बिट्युमेनचा, म्हणजे एक प्रकारच्या डांबराचा, पातळ थर द्यायचा. या डांबराचा गुण असा की उजेड लागला की ते कडक होतं. त्यावर फोटोची निगेटिव्ह दाबून उन्हात ठेवायचं. निगेटिव्हच्या ज्या भागातून उजेड जास्त जाईल तिथे डांबर जास्त कडक होईल. मग टर्पेंटाइनने धुतलं की मऊ राहिलेलं डांबर निघून जातं आणि दगडावर चित्र राहतं. आता दगड ओला करायचा आणि तेलकट शाई फिरवायची. पाणी धरलेल्या जागेला शाई चिकटत नाही, डांबराला चिकटते. वर कागद दाबला की झालं.

हा झाला एक दगड, म्हणजे एक रंग. आकाशाच्या निळ्यासाठी वेगळा दगड, झाडीच्या हिरव्यासाठी वेगळा, खडकाच्या गुलाबीसाठी वेगळा. असे कित्येक दगड, बऱ्याचदा दहाच्याही वर. प्रत्येक दगडावर कारागीर त्या रंगापुरता भाग ठेवून बाकीचा पुसत असे, आणि प्रत्येक वेळी कागद केसभरही न हलता त्याच जागी बसायला हवा. केसभर हलला की झाडाची हिरवाई झाडाबाहेर सांडते. स्वस्त कार्डांवर ती सांडलेली दिसतेच. उत्तम फोटोक्रोम भिंगाखाली धरला तर वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ओळीने मांडलेले ठिपके दिसत नाहीत. वाळूसारखा बारीक, अनियमित कण दिसतो.

मराठी वाचकाला ही पद्धत अगदी परकी नाही. ‘शिळाछाप’ हा शब्द आपल्याकडे त्याच दगडावरून आला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं ते शिळाछापावरच, आणि मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातून घरोघरी गेलेल्या लक्ष्मी-सरस्वतीही दगडावरूनच उमटल्या. उत्तम प्रतीचा छपाईचा दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीतून येई. हा चुनखडक ज्युरासिक काळातल्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. आणि आजोबांचा चेहरा ज्या ग्रॅनाइटचा, तो कॉनवे ग्रॅनाइटही ज्युरासिक काळातलाच. म्हणजे एका ज्युरासिक दगडाचं चित्र दुसऱ्या ज्युरासिक दगडावरून छापत होते, आणि दोघांच्या मध्ये काय ते एक आण्याचं कार्ड!

अमेरिकेत या पद्धतीचे हक्क डेट्रॉइटच्या एका कंपनीने घेतले. १८९८ साली तिथे खासगी छापील कार्डांना एक सेंटात टपाल मिळू लागलं आणि धंदा फोफावला. १९०८ साली संपलेल्या एका वर्षात अमेरिकी टपालातून ६७ कोटींहून जास्त पोस्टकार्डं गेली, आणि तेव्हा त्या देशाची लोकसंख्या होती नऊ कोटींच्या आत.

आता मुद्दा असा, की रंग कारागिराच्या मर्जीचे. मग या कार्डांचा भूशास्त्राला उपयोग काय?

उपयोग आहे तो रेघेचा, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर खडकाची जी बाह्यरेषा दिसते तिचा. ती फोटोतून आलेली असते. शिवाय एका अडचणीतून एक सोय झाली. आजोबांचा चेहरा मुळात एकसंध नव्हताच. कड्यातून पुढे आलेल्या ग्रॅनाइटच्या पाच शिळा, एकीखाली एक, थोड्या मागेपुढे. समोर जाऊन पाहिलं तर नुसती धोंड्यांची अडगळ. तळ्याकाठच्या ठरावीक पट्ट्यातून पाहिलं तरच त्या पाच शिळांच्या कडा एका रेषेत येऊन नाक-हनुवटी जमे. पुढे सरकलात की चेहरा विस्कटला. त्यामुळे प्रत्येक फोटोग्राफर, मग तो १८९०चा असो की १९५०चा, निमूटपणे जवळपास त्याच जागी तिकाटणं रोवून उभा राहिला. कुणी न ठरवता एकाच कोनातून एकाच खडकाचं शतकभर चित्रण झालं.

भूशास्त्रज्ञ हेच मुद्दाम करतात. १९६८ साली यूजीन शूमेकर आणि हॅल स्टीफन्स यांनी कोलोरॅडो आणि ग्रीन नदीच्या खोऱ्यांतल्या शतकापूर्वीच्या फोटोंच्या जागा शोधून तिथूनच पुन्हा फोटो काढले. १९७७पासून मार्क क्लेट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिमेत तसंच काम केलं. जुन्या कॅमेऱ्याची जागा सापडते कशी, हे मजेदार आहे. जवळच्या खडकाचं टोक मागच्या डोंगराच्या कुठल्या बिंदूपुढे येतं ते जुन्या फोटोत पाहायचं. तुम्ही एक पाऊल डावीकडे गेलात की जवळचं टोक मागच्या डोंगरावरून उजवीकडे सरकतं. अशी तीन-चार टोकं जुळवली की उभं राहायला एकच जागा उरते. मग सावल्या पाहायच्या. सावली जुळली म्हणजे दिवसाची वेळ आणि वर्षातला महिनाही जुळला.

अशा जोड्या शेजारी ठेवल्या की वाटतं, शंभर वर्षांत काहीच झालं नाही. दगड जिथल्या तिथे, भेगसुद्धा तीच. क्वचित एखाद्या जोडीत एक अख्खी शिळा गायब. म्हणजे खडक साबणाच्या वडीसारखा रोज थोडाथोडा झिजतो हे आपल्या मनातलं चित्र अपुरं आहे. कणाकणाची झीज चालू असतेच, पण रेघ बदलते ती एका क्षणात.

आजोबांच्या बाबतीत तो क्षण कसा जवळ येत गेला, ते समजून घेण्यासारखं आहे. ग्रॅनाइट खोल जमिनीखाली शिलारसाच्या रूपात थंड होऊन घट्ट होतो. वरचा खडक झिजून ओझं उतरलं की तो फुगतो आणि त्याला पृष्ठभागाला समांतर तडे जातात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. सुमारे १२,००० वर्षांपूर्वी हिमयुगातला बर्फ वितळून खिंड मोकळी झाली, कड्याचे भाग ढासळले आणि मागे उरलेल्या शिळांत हा चेहरा जमला.

पुढे आलेल्या शिळा पडत कशा नव्हत्या? आपल्याकडच्या जुन्या विहिरी आठवा. काहींत बांधकामातून एकेक लांब दगड बाहेर काढून पायऱ्या केलेल्या असतात. पायरीचं पुढचं टोक अधांतरी, पण मागचं टोक वरच्या बांधकामाच्या वजनाखाली दाबलेलं, म्हणून माणूस निर्धास्त उतरतो. आजोबांचंही तसंच होतं. खालच्या शिळा पुढे झुकलेल्या, आणि वरच्या शिळांचं वजन त्यांना मागून दाबून धरत होतं. कपाळ हललं असतं तर हनुवटीचं काही खरं नव्हतं.

आता यात पाणी आलं. पावसाचं, वितळलेल्या बर्फाचं पाणी तड्यांत शिरतं. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. फ्रीझरमध्ये विसरलेली काचेची बाटली ज्या जोराने फुटते, त्याच जोराने तडा थोडासा रुंदावतो. पुढच्या वर्षी त्यात पाणी जरा जास्त मावतं. न्यू हॅम्पशायरात गोठणं-वितळणं हिवाळ्यात कितीतरी वेळा होतं. दुसरीकडे तेच पाणी ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजाची सावकाश चिकणमाती करतं. बाहेरून दगड तसाच दिसतो, पण आतल्या आत दोन शिळांमधली पकड सुटत जाते.

लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. १९१६ साली एडवर्ड गेडिस नावाचा दगडखाणीतला जाणता कारागीर कपाळावर चढला आणि सुटू पाहणारी शिळा पेच असलेल्या लोखंडी सळयांनी मागे ताणून बांधली. १९५८ साली राज्याने आणखी सळया ठोकल्या, पाणी वळवायला सिमेंटची पन्हळ केली, भेगा झाकल्या. पुढे नील्स नील्सन आणि त्याच्यामागून त्याचा मुलगा डेव्हिड दर उन्हाळ्यात दोराने खाली उतरून सळया आणि भेगा तपासत. मला हे वाचताना डोंगराची नव्हे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची शुश्रूषा वाचतोय असं वाटलं.

या सगळ्या काळात कार्डं छापली जातच होती. रेघ खरी म्हणताना इथे एक सावधगिरी हवी. १९३०नंतर शिकागोच्या कर्ट टाइश कंपनीने कापडासारखा पोत असलेल्या कागदावर भडक कार्डं काढली आणि ती फार खपली. दुकानदार फोटो पाठवताना फर्माईश करी, हा विजेचा खांब काढा, आकाशात ढग घाला, इथे एक मोटार दाखवा. छापखाना ते करून देई. अशा सूचनांसकट त्या कंपनीची दप्तरं आता शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत आहेत. म्हणून एका कार्डाच्या साक्षीवर निवाडा करायचा नाही. वेगवेगळ्या छापखान्यांची दहा कार्डं मांडायची, आणि दहांत जी रेघ सारखी ती धरायची.

कार्ड कधीकधी शेवटची साक्षही ठरतं. अर्जेंटिनातल्या तांदिल गावाजवळ टेकडीच्या कडेवर सुमारे ३०० टनांची एक शिळा एवढ्याशा टेकूवर डुलत असे. डुलते की नाही ते पाहायला लोक तिच्याखाली काचेच्या बाटल्या ठेवत आणि शिळा त्यांचा चुरा करी. टोप्या घातलेले पाहुणे तिच्याखाली उभे राहून फोटो काढत, त्यांची कार्डं निघाली. २९ फेब्रुवारी १९१२ला ती खाली कोसळून फुटली. २००७ साली तिथे तिची प्रतिकृती बसवली, पण पक्की. ती डुलत नाही.

आजोबांची वेळ ३ मे २००३ला आली. आधीचे काही दिवस खिंडीत धुकं होतं, कडा दिसतच नव्हता. त्या रात्री कधीतरी शिळा सुटल्या. पडताना कुणी पाहिलं नाही. सकाळी धुकं वर गेलं तेव्हा उद्यानातल्या कर्मचाऱ्यांनी मान वर केली, तर तिथे चेहरा नव्हता. तीनच वर्षांपूर्वी, २००० साली, राज्याने आपल्या नावाच्या पाव डॉलरच्या नाण्यावर तोच चेहरा घातला होता. नाणी अजून चालतात.

पुन्हा सिमेंटचा चेहरा बसवायच्या सूचना आल्या, पण राज्याने तो नाद सोडला आणि माझ्या मते बरं केलं. त्याऐवजी २०११ साली तळ्याकाठी पोलादाचे उंच दांडे तिरके रोवले. जवळून पाहिलं तर दांड्यांच्या वरच्या टोकाला नुसते ओबडधोबड खाचखळगे, कशाचा काही अर्थ लागत नाही. खाली जमिनीवर उंचीप्रमाणे उभं राहायच्या खुणा केल्या आहेत. आपल्या उंचीच्या खुणेवर उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि दांड्याच्या टोकावरून रिकाम्या कड्याकडे पाहायचं. त्या खाचा कड्याच्या रेषेवर जाऊन बसतात, आणि कपाळ, नाक, हनुवटी पुन्हा होती तिथे दिसतात. अर्धं पाऊल बाजूला सरकलं की परत नुसतं पोलाद.