गन कुणाचीही असो, मागते गाडीच!

परवा पाथर्डी फाट्याजवळ चार्जिंगला थांबलो होतो. शेजारी एक काका नेक्सॉन ईव्ही घेऊन आलेले. चार्जरची गन (केबलच्या टोकाचा प्लग) मोकळी होती, तरी लावेनात. "हा चार्जर आपल्या कंपनीचा नाही हो. बॅटरी उडाली तर?" पुढच्या बंपरला लिंबू-मिरची मात्र टांगलेली. नजरेचा बंदोबस्त झाला होता, धास्ती होती ती ओहमच्या नियमाची!

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना फास्ट चार्जिंगसाठी सीसीएस-२ हेच सॉकेट असतं. टाटा, महिंद्रा, ह्युंदाई, सगळ्यांना. (एमजी कॉमेटला डीसीची, म्हणजे या फास्ट चार्जिंगची, सोयच नाही, तो भाग वेगळा.) खालच्या दोन जाड पिनांतून करंट जातो. पण माझा जीव जडलाय तो वरच्या एका बारक्या पिनेवर. तिचं नाव कंट्रोल पायलट.

या पिनेवर चार्जर १२ व्होल्ट धरून बसलेला असतो. गन खोचली की गाडीतला २.७४ किलोओहमचा रोध मध्ये येतो आणि व्होल्टेज ९ वर उतरतं. चार्जर ओळखतो, गाडी आली. मग तो सेकंदाला १००० वेळा वर-खाली होणारी चौकोनी लहर सोडतो. एसी, म्हणजे सावकाश चार्जरवर या लहरीचा वरचा भाग जितके टक्के वेळ टिकतो, त्याला ०.६ ने गुणायचं. जास्तीत जास्त तेवढे अँपिअर गाडीने घ्यायचे. ५० टक्के म्हणजे ३०. डीसीवर मात्र हा भाग मुद्दाम ५ टक्के ठेवतात. अर्थ एवढाच, की खाणाखुणा पुरे, आता बोलू.

हे बोलणं त्याच तारेवर, मेगाहर्ट्झच्या वारंवारतेने चालतं. शेजारच्या केबलमधला आवाजही इथे झिरपतो. म्हणून गाडी आधी हाका मारते. ज्या चार्जरपर्यंत हाक सगळ्यांत कमी क्षीण होऊन पोचली, तो आपला. मग ती आपल्या व्होल्टेजची, करंटची कमाल मर्यादा सांगते आणि पिनेवरचं व्होल्टेज ६ वर आणते. चार्जर इन्सुलेशन तपासतो, स्वतःचं व्होल्टेज बॅटरीच्या जवळपास आणून ठेवतो. त्यानंतरच गाडीतले काँटॅक्टर (बॅटरीला चार्जरशी जोडणारे स्विच) मिटतात. नाहीतर ठिणगी पडून ते चिकटायचे. पुढे शेवटपर्यंत गाडी सतत सांगत राहते, आता इतके अँपिअर दे. चार्जर तेवढे देतो, नसतील तर कमी. जबरदस्तीने जास्त कोंबायचं त्याचं कामच नाही.

म्हणूनच पाटीवरच्या '६० किलोवॅट'ला भुलू नका. बॅटरी ३२० व्होल्टची आणि चार्जरची मर्यादा १५० अँपिअर असेल, तर गुणाकार ४८ किलोवॅटच येतो. ८० टक्क्यांनंतर तर गाडी स्वतःच हात आखडता घेते.

कधी हा संवाद मध्येच तुटतो. गन काढून पुन्हा लावली की तो पहिल्या हाकेपासून सुरू होतो, आणि बहुतेकदा काम भागतं.

काकांना यातलं निम्मं सांगून होईस्तोवर त्यांनी गन लावली होती. आता ते ओटीपीची वाट बघत होते.